हाताचं काम पडद्यावरून शिकवायचंय? नव्या प्रशिक्षकासाठी पायरीपायरीने

तुम्ही रोज सलाइन लावता, टाके घालता, नळी टाकता. हात बसलेला आहे. आता कुणीतरी सांगितलंय की हेच काम दूरच्या डॉक्टरांना, सिस्टर्सना, पॅरामेडिकना ऑनलाइन शिकवा. अशा वेळी पहिला विचार ठरलेला असतो: चांगला कॅमेरा घेऊ, आपले हात स्वच्छ दिसतील अशी सोय करू, नीट समजावून सांगू, शेवटी शंका घेऊ. असा वर्ग होतोही छान. सगळे आभार मानून बाहेर पडतात. फक्त कुणाच्या हाताला काही आलेलं नसतं.

कारण साधं आहे. जाणकाराचे हात दाखवणारे व्हिडिओ आधीच ढिगाने पडलेत. लाइव्ह वर्गात मिळतं आणि व्हिडिओत मिळत नाही असं एकच काही आहे: शिकणाऱ्याच्या हातांकडे कुणीतरी जाणतं माणूस बघतंय. त्यामुळे तयारीतला बराचसा वेळ आणि पैसा शिकणाऱ्याचे हात तुम्हाला कसे दिसतील यावर घाला. तुमचे हात त्यांना कसे दिसतील हा त्यामानाने सोपा प्रश्न आहे.

पायरी १: काय शिकवायचं आणि काय नाही, ते आधी ठरवा

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्यांसाठी चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवता येतं, आणि प्रत्यक्ष कामात केलं जातं. ऑनलाइन व्याख्यानाने माणूस दुसऱ्या पायरीपर्यंत येतो. त्याच्या हातात साहित्य असेल आणि कॅमेऱ्यासमोर तो स्वतः करत असेल, तर तिसरीपर्यंत आणता येतो. चौथी पायरी रुग्णाच्या खाटेपाशीच चढायची असते. तिथे तुम्ही नसता, म्हणून तिथे कोण असेल हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. शिकणाऱ्याच्या ठिकाणी देखरेख करणारं अनुभवी कुणीच नसेल, तर मी तरी असा वर्ग घेणार नाही.

दूरवरून शिक्षण चालतं याचा दाखला म्हणून लोक बऱ्याचदा प्रोजेक्ट इकोचं नाव घेतात. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातून हेपटायटिस सी च्या उपचारांसाठी तो सुरू केला. दूरच्या दवाखान्यांतले डॉक्टर आपापल्या केसेस व्हिडिओवर मांडत आणि तज्ज्ञांबरोबर चर्चा करत. दाखला खरा आहे, पण तो निर्णय शिकवण्याचा आहे. हात शिकवणं हे वेगळं काम आहे आणि त्याची मांडणीही वेगळी लागते.

जी कौशल्यं डोळ्यांना दिसतात, ती आधी घ्या: टाके आणि गाठी, सरावाच्या हातावर कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घालायची बारीक प्लास्टिकची नळी), निर्जंतुक ग्लोव्ह्ज घालणं, बॅग-मास्कने श्वास देणं, सीपीआर (हृदय थांबलेल्याची छाती दाबणं), स्प्लिंट बांधणं, मॉडेलवर कॅथेटर. ज्यात बोटांना जाणवणं हाच गाभा आहे, तिथे सावध राहा. एपिड्युरल (पाठीच्या कण्यातलं भुलीचं इंजेक्शन) देताना प्रतिकार अचानक संपल्याची जाणीव, गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय याचा बोटांनी घेतलेला अंदाज, पोट चाचपणं, या गोष्टी पडद्यातून पोचत नाहीत. पण अशा प्रक्रियेतही बरंच काही दिसणारं असतं: रुग्णाला कसं बसवायचं, खुणेची हाडं कशी शोधायची, ट्रे कसा मांडायचा, कशानंतर काय. तेवढं ऑनलाइन करा, स्पर्शाचा भाग समोरासमोरच्या दिवसासाठी ठेवा, आणि ही वाटणी अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर लिहून टाका. सोनोग्राफीने सुया टाकणं हा मधला प्रकार आहे. तिथे जाणवण्यापेक्षा दिसणं जास्त असतं, पण प्रोब धरलेला हात आणि मशीनचा पडदा अशी दोन्ही चित्रं एकाच वेळी तुमच्यासमोर हवीत.

पायरी २: कामाचे तुकडे करा आणि शब्द ठरवून घ्या

हात बसलेल्या माणसाला आपण काय करतो ते सांगता येत नाही. फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्याचे तीन टप्पे सांगितले. पहिल्यात माणूस प्रत्येक हालचालीचा विचार करतो, दुसऱ्यात हालचाली जुळू लागतात, तिसऱ्यात हात आपोआप चालतो. तुम्ही तिसऱ्या टप्प्यावर आहात, शिकणारा पहिल्यावर. समोर उभे असाल तर त्याचा हात धरून हे अंतर भरून निघतं. पडद्यावर ते शब्दांनीच भरावं लागतं.

उपाय असा. आधी पायऱ्या लिहून काढा. मग हे काम कधीच न केलेल्या सहकाऱ्याला मॉडेलसमोर बसवा, तुम्ही पाठ फिरवा आणि नुसतं वाचून दाखवा. तो जिथे अडेल, विचारेल किंवा भलतंच करेल, तिथे तुमच्या यादीत एक पायरी गळालेली आहे. दोन-तीन फेऱ्यांत यादी जवळपास दुप्पट होते.

कॅन्युलाचं उदाहरण घेऊ. "शीर शोधा, सुई घाला, रक्त आलं की कॅन्युला सरकवा" असं आपण सहज बोलून जातो. यात सगळ्यात घातक जागा "रक्त आलं की" ही आहे. चेंबरमध्ये रक्त दिसतं तेव्हा सुईचं टोक शिरेत असतं, पण प्लास्टिकच्या नळीचं टोक सुईच्या किंचित मागे असल्यामुळे अजून बाहेर राहिलेलं असू शकतं. नवखा माणूस इथे दोनपैकी एक करतो. आनंदाने लगेच नळी सरकवतो आणि ती शिरेच्या भिंतीला अडकते. नाहीतर तोच कोन ठेवून सुई पुढे रेटतो आणि शीर फुटते. म्हणून यादीत हे सुटं लिहावं लागतं: दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कातडी खाली ताणून धरा. सुईचं तिरपं तोंड वर. १० ते ३० अंशांत शिरा. रक्त दिसताच थांबा. कोन कमी करा, सुई जवळजवळ कातडीला समांतर आणा. सुई आणि नळी एकत्रच १ ते २ मिमी पुढे न्या. आता सुई स्थिर धरून फक्त नळी सरकवा. टूर्निके (दंडाला आवळलेला पट्टा) सोडा. नळीच्या टोकाच्या वरच्या बाजूला शीर दाबून धरा. सुई काढा आणि थेट शार्प्स बॉक्समध्ये, म्हणजे वापरलेल्या सुयांच्या बंद डब्यात.

प्रत्येक थांब्याला एक हाक ठरवा. शिकणाऱ्याने मोठ्याने "रक्त दिसलं" म्हणायचं आणि हात तिथेच रोखायचा. तुम्ही "पुढे" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. कारण पायरी ४ मध्ये येईल.

शब्दांबद्दल आणखी एक. "वर", "खाली", "थोडं इकडे", "अस्सं" हे शब्द समोरासमोर चालतात कारण बोट दाखवलेलं असतं. पडद्यावर ते निरुपयोगी. "कोपराच्या दिशेने", "बोटांच्या दिशेने", "अंगठ्याच्या बाजूला", "करंगळीच्या बाजूला", "जखमेची तुमच्याजवळची कड", "लांबची कड" असं बोला. उजवा-डावा म्हणू नका. "सुईचा हात" आणि "आधाराचा हात" म्हणा. डावखुऱ्यांची सोय होते, आणि चित्र उलटं दिसतंय का या घोळातूनही सुटका होते.

पायरी ३: पेटी पाठवा

सगळ्यांकडे अगदी तेच साहित्य हवं. ज्याचा त्याने जमवा म्हटलं, की एकाचा नीडल होल्डर लांब, दुसऱ्याचा धागा जाड, आणि अर्धा वर्ग साहित्यावर बोलण्यात जातो. टाक्यांच्या पेटीत थर असलेला सरावाचा पॅड, नीडल होल्डर, दात असलेला फोर्सेप, कात्री, कटिंग सुईचा धागा आणि त्याची चार-पाच जादा पाकिटं, ग्लोव्ह्ज, गडद रंगाचं कापड, फोनचा स्टँड, छापलेली चेकलिस्ट. आणि शार्प्स बॉक्स. तो नसेल तर पेटी पाठवूच नका.

मॉडेल दिसायला हुबेहूब असण्याची गरज नाही, वागायला तसं हवं. टाके शिकवायला कातडीसारखा रंग लागत नाही. सुई वळवून न घेता सरळ ढकलली की फाटेल असा थर लागतो. नवजात बाळाला श्वास द्यायला शिकवण्याची निओनॅटली ही बाहुली याचा चांगला नमुना आहे. ती घडी करून पाठवता येते आणि तिथे पाणी भरलं की हातात बाळाइतकं वजन लागतं. नीट मास्क बसला तरच छाती हलते. शिकायला एवढं पुरतं.

सुरक्षिततेचे नियम छापून पेटीतच टाका. सरावाच्या प्रत्येक पाकिटावर, बाटलीवर "फक्त सरावासाठी, रुग्णासाठी नाही" असं ठळक लिहा. मुदत संपलेला धागा किंवा रंगीत पाणी भरलेली सलाइनची बाटली वॉर्डाच्या कपाटात जाऊन बसली तर पुढे काय होईल ते सांगायला नको. सुया वर्गाच्या आधी मोजायच्या, नंतर मोजायच्या, कॅमेऱ्यासमोर. एकमेकांवर सराव करायचा नाही. खोलीत किंवा निदान हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस हवं. सुई टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुणं आणि ताबडतोब कळवणं. कुणाला कळवायचं ते नाव वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहिलेलं असावं.

पायरी ४: कॅमेरा, उजेड, आवाज, नेट

शिकणाऱ्याकडे दोन उपकरणं लागतात. लॅपटॉपवर चेहरा आणि आवाज. फोन फक्त हातांसाठी, त्याच मीटिंगमध्ये दुसरा सहभागी म्हणून जोडलेला. फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमून कानठळ्या बसतात. फोनचं नाव बदलून "सिस्टर अमुक, हात" असं ठेवायला सांगा. पंधरा खिडक्यांत कुठला हात कुणाचा हे शोधण्यात जीव जातो.

फोन कुठे ठेवायचा हे कामावर ठरतं, आणि इथे बहुतेक जण एकच जागा सगळ्याला वापरतात. टाक्यांसाठी फोन शिकणाऱ्याच्या खांद्यावरून, आधाराच्या हाताच्या बाजूने, तिरका खाली बघणारा. समोरून ठेवला की सुई नेमकी बोटांच्या पेरांमागे लपते. कॅन्युलासाठी वरून बघणारा कॅमेरा जवळजवळ कुचकामी: वरून १५ अंश आणि ४५ अंश सारखेच दिसतात. तिथे फोन बाजूला, सरावाच्या हाताच्या पातळीवर हवा. सीपीआरसाठी फोन जमिनीजवळ, बाजूला आणि बराच मागे, म्हणजे खांदे मनगटांच्या बरोबर वर आहेत का, कोपरं वाकतात का आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येते का ते कळतं.

बरीच मीटिंगची अॅप माणसाला स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दाखवतात. इतरांना ते सरळच दिसतं. शिकणारा स्वतःच्याच खिडकीकडे बघत टाका घालू लागला की हात भलतीकडे जातो. सेटिंगमधला आरसा बंद करायला सांगा. काम करताना पडद्याकडे न बघता पॅडकडे बघा, हेही सांगावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पांढरे ग्लोव्ह्ज, पांढरी चादर आणि डोक्यावरचा दिवा ही जोडी टाळा. सगळं धुरकट पांढरं होतं आणि धागा नाहीसा होतो. निळे ग्लोव्ह्ज, गडद कापड, दोन्ही बाजूंनी एकेक दिवा. एकच दिवा असेल तर हाताची सावली नेमकी जिथे बघायचंय तिथे पडते.

नेटच्या बाबतीत लोक डाउनलोडचा वेग सांगतात. आपल्याला शिकणाऱ्याचा अपलोड हवा. ७२० पिक्सेलच्या एका चित्राला साधारण दीड एमबीपीएस धरा. दोन उपकरणं म्हणजे दुप्पट, म्हणून प्रात्यक्षिकाच्या वेळी चेहऱ्याचा व्हिडिओ बंद ठेवला तरी चालेल. हातांचा बंद करायचा नाही.

आता थांब्यांच्या हाकांचं कारण. २००१ च्या सप्टेंबरात जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबूर्गमधल्या रुग्णाचं पित्ताशय रोबोटच्या मदतीने काढलं. लिंडबर्ग ऑपरेशन म्हणून ते ओळखलं जातं. त्यासाठी खास फायबरची लाइन राखून ठेवली होती, आणि हात हलवल्यापासून चित्रात तो हललेला दिसेपर्यंतचा वेळ सुमारे १५५ मिलिसेकंद होता. तुमच्या वर्गाला तशी लाइन नाही. तुम्हाला चूक दिसते ती आधीच होऊन गेलेली असते. तुम्ही "थांबा" म्हणता ते आणखी उशिरा पोचतं. माणसाला ऐकून हात रोखायला वेळ लागतो तो निराळाच. तोवर सुई शिरेच्या पलीकडे. त्यामुळे ओरडून थांबवण्यावर भिस्त ठेवायची नाही. थांबे आधीच कामात पेरून ठेवायचे.

आवाजाची एक गंमत आहे. मीटिंगची अॅप "गोंगाट" म्हणून जे कापतात त्यात मॅनिकिनचा (सरावाच्या पुतळ्याचा) टक् असा आवाज, लय देणाऱ्या मेट्रोनोमचे ठोके, मॉनिटरची बीप आणि अलार्म हे सगळं जातं. सीपीआर शिकवताना तुम्हाला शांत, सुंदर आवाज येतो आणि लय मात्र अजिबात कळत नाही. गोंगाट कापण्याची सोय त्या वेळेपुरती बंद करा.

वर्गाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाबरोबर दहा मिनिटांची कॅमेरा तपासणी घ्या. परीक्षा सोपी आहे. नीडल होल्डरमध्ये सुई धरून कॅमेऱ्यासमोर आणायला सांगा. सुई टोकापासून सुमारे दोन तृतीयांश अंतरावर धरलीय की मधोमध, हे तुम्हाला ओळखता आलं तर कॅमेरा पास. नाही आलं तर उजेड, अंतर, कोन बदला. काचेवर ग्लोव्ह्जचा डाग असणं हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

पायरी ५: छोटा व्हिडिओ आधी पाठवा

पाच ते सात मिनिटं पुरे. शिकणाऱ्याला स्वतःचे हात जसे दिसतील त्या कोनातून एकदा, बाजूने एकदा. शेवटी नेहमीच्या दोन चुका मुद्दाम करून दाखवा आणि त्या चुका आहेत असं पडद्यावर लिहा. वर्ग सुरू होताना "व्हिडिओ पाहिला का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. उलटसुलट केलेल्या पायऱ्या देऊन त्या क्रमाने लावायला सांगा.

पायरी ६: प्रत्यक्ष वर्ग

एका प्रशिक्षकामागे चार जण. दुसरा प्रशिक्षक असेल तर आठ, दोन खोल्यांत वाटून. यापेक्षा जास्त हात एकाला बघता येत नाहीत, आणि आयोजक कितीही म्हणाले तरी पन्नास जणांचा हा वर्ग होत नाही. ते व्याख्यान होतं. तांत्रिक अडचणींसाठी वेगळं माणूस ठेवा. कुणाचा माइक चालत नाही हे सोडवणं तुमचं काम नाही.

सुरुवातीला दोन मिनिटं मोकळेपणाने बोला. इथे चुका होणार, त्या कुणाच्या वरिष्ठांकडे जाणार नाहीत, रेकॉर्डिंग होतंय की नाही, झालं तर कोण बघणार आणि कधी पुसलं जाणार. हातांवर रोखलेला कॅमेरा अनुभवी माणसालाही थरथरवतो. वीस वर्षं काम केलेल्या सिस्टरला ज्युनियर डॉक्टरांसमोर करून दाखवायला सांगत असाल तर हे बोलणं आणखी गरजेचं.

मग पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत. रॉडनी पेटन यांनी ती १९९८ मध्ये मांडली. समोरासमोरच्या शिक्षणासाठी असली तरी ऑनलाइन वर्गाला ती जणू मापाने शिवलेली बसते. पहिल्या फेरीत तुम्ही नेहमीच्या वेगाने, एक शब्द न बोलता करता. दुसऱ्या फेरीत सावकाश, एकेक पायरी समजावत. तिसऱ्या फेरीत शिकणारा सांगतो आणि तुम्ही करता. चौथ्या फेरीत शिकणारा बोलत बोलत स्वतः करतो.

वेळ कमी पडला की प्रशिक्षक तिसरी फेरी गाळतात. ऑनलाइनमध्ये तीच सगळ्यात मोलाची. इथे एक नियम पाळा: जे सांगितलं जाईल तेवढंच करायचं, आपणहून काहीही करायचं नाही. त्याने टूर्निके सोडायला सांगितलं नाही, तर सोडू नका. "सुई काढा" म्हणाला आणि कुठे टाकायची ते बोलला नाही, तर सुई हातात धरून बसा. काही क्षणांत दुसरं कुणीतरी म्हणतं, "सर, टूर्निके तसाच आहे." ही पायरी तो गट पुन्हा विसरत नाही. शिकणाऱ्याच्या डोक्यात काय आहे आणि काय नाही, हे त्याच्या हातात सुई जाण्याआधी तुम्हाला कळलेलं असतं.

चौथ्या फेरीत एकाचे हात मोठ्या खिडकीत लावा. बाकी तिघं छापील चेकलिस्ट घेऊन खुणा करतील. रिकामं बसलेलं कुणी नको. सगळ्यांची एकेक फेरी झाली की सगळे एकदम सराव करतील आणि तुम्ही खिडक्यांवरून नजर फिरवाल. या वेळात नाव घेऊन एकाशीच बोला. बराच वेळ कुणीच बोलत नाही असं होईल. होऊ द्या. पडद्यावरची शांतता प्रशिक्षकाला खायला उठते आणि तो बोलत सुटतो. समोरचे हात थांबतात.

नव्वद मिनिटांच्या वर ताणू नका.

पायरी ७: सुधारायचं कसं

एका प्रयत्नाला एकच सुधारणा. सहा दिसल्या तरी एकच, आणि ती कारणाच्या मुळाशी जाणारी. समजा शिकणारा म्हणतो, "मॅडम, गाठ सैल पडतेय." "घट्ट ओढा" म्हणणं सोपं, पण त्याने गाठ आणखी घसरते. त्यापेक्षा म्हणा, "हात आहेत तिथेच ठेवा. दुसरा फेरा घेतल्यावर छोटं टोक कुठे ओढलंत, लांबच्या कडेकडे की जवळच्या?" तो म्हणतो, "लांबच्या." "आणि पहिल्या फेऱ्याला?" थोडा वेळ जातो. "पहिल्यालाही लांबच." झालं. नीडल होल्डरने गाठ मारताना होल्डर दर वेळी धाग्याच्या दोन टोकांच्या मधे ठेवायचा आणि प्रत्येक फेऱ्याला टोकांची दिशा उलटवायची, तेव्हा चौकोनी गाठ बसते. दोन्ही फेरे एकाच बाजूला ओढले की सरकगाठ होते. आता दुसरा फेरा उसवायला सांगा आणि तेवढाच तुकडा तीनदा करून घ्या, पूर्ण टाका नाही.

त्याच बैठकीत हेही सांगून ठेवा की खऱ्या कातडीवर गाठ जास्त आवळली तर कड पांढरी पडते, आणि रबरी पॅडवर ते कधीच दिसत नाही. मॉडेल जिथे खोटं बोलतं त्या जागा तोंडाने सांगणं ही तुमची जबाबदारी.

दिसलं ते सांगा. "सुई साधारण ४५ अंशांत शिरली" याचा उपयोग होतो. "आत्मविश्वास वाढवा" याने काही होत नाही. चित्र थांबवून त्यावर रेघ ओढता आली तर शंभर शब्द वाचतात.

पायरी ८: मधल्या दिवसांचा सराव आणि मूल्यमापन

शिकणं दोन वर्गांच्या मधे होतं. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हेतुपूर्वक सरावाची कल्पना मांडली, तिचा इथे अर्थ एवढाच: रोज थोडा वेळ, एकाच दुबळ्या तुकड्यावर, आणि कुणीतरी बघून सांगणारं. शिकणाऱ्यांना फोनवर रेकॉर्डिंग करून पाठवायला सांगा. अट ठेवा: एकसलग, काटछाट नाही, दोन्ही हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत चौकटीत, सुई शार्प्स बॉक्समध्ये पडेपर्यंत. तुम्ही उत्तर देताना वेळ लिहा: "१:४० ला कोन बघा." नेट धड नसलेल्यांना या पद्धतीचा लाइव्ह वर्गापेक्षाही जास्त फायदा होतो.

गुण देताना फक्त खुणांची चेकलिस्ट पुरत नाही. तिच्यात सगळ्या चौकटी भरलेल्या असूनही काम धसमुसळं असू शकतं. १९९० च्या दशकात टोरांटोत तयार झालेली ओसॅट्स ही शस्त्रक्रियेचं कौशल्य मोजायची पद्धत म्हणून उपयोगी. तिच्यातल्या सर्वसाधारण पट्टीवर सात बाबींना १ ते ५ गुण मिळतात: ऊतींना जपून हाताळणं, वेळ आणि हालचालींची काटकसर, हत्यारं हाताळणं, हत्यारांची माहिती, मदतनिसाचा वापर, कामाचा ओघ, प्रक्रियेचं ज्ञान. एकटा माणूस फोनसमोर करत असेल तर मदतनिसाची बाब वगळा आणि तसं लिहा. दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न बघता पाहावं. काही चुका मात्र गुणांत मोजायच्या नसतात. वापरलेल्या सुईवर दोन हातांनी टोपण बसवलं, निर्जंतुक हात बाहेर लागला आणि तसंच पुढे चालू ठेवलं, टूर्निके विसरला, की प्रयत्न बाद.

सीपीआरचं गणित वेगळं. मोठ्या माणसासाठी मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंमी. लय कॅमेऱ्यातून कळते. खोली कळत नाही, आणि कळते असं समजणारे परीक्षक सगळ्यांना पास करतात. खोली मोजणारा मॅनिकिन वापरा आणि त्याचा आकडा चौकटीत येईल असा ठेवा.

पायरी ९: मॉडेलवरून रुग्णाकडे

प्रमाणपत्रावर काय लिहिता याची काळजी घ्या. "सरावाच्या मॉडेलवर पूर्ण प्रक्रिया स्वतंत्रपणे केली" हे खरं वाक्य आहे. "प्रक्रियेत सक्षम" हे तुम्ही लिहू शकत नाही. तुम्ही ते पाहिलेलं नाही. ते वाक्य तिथला देखरेख करणारा लिहील, रुग्णावरचे ठरावीक प्रयत्न बघितल्यानंतर, तुमच्याच चेकलिस्टवर. म्हणून त्यालाही वर्गात एकदा बसवा. नाहीतर तुम्ही "थांबा" शिकवलेल्या जागी तो "चला, पटकन" म्हणतो.

रुग्णापाशी व्हिडिओ कॉलवरून मार्गदर्शन करायची वेळ आलीच, तर रुग्णाची संमती आधी, चेहरा आणि नावाची पट्टी चौकटीबाहेर, आणि रेकॉर्डिंग चॅटच्या ग्रुपवर जाणार नाही याची हमी.

शिकलेलं उतरतं. सीपीआरचं कौशल्य ३ ते ६ महिन्यांत ढिलं पडू लागतं, आणि क्वचित लागणाऱ्या बाकीच्या प्रक्रियांचंही फारसं वेगळं नाही. एक लांब उजळणी वर्षाने घेण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी वीस मिनिटांची घ्या. पेट्या परत मागवू नका, फक्त धागे आणि सुया भरून पाठवा.

आणि तिथल्या देखरेख करणाऱ्याकडून प्रत्येक महिन्याला एक छोटी नोंद मागवा: कोण कुठल्या पायरीवर अडलं. एखाद्या नोंदीत असं निघतं की सुई सगळ्यांची नीट जातेय, पण कॅन्युला चिकटपट्टीने बसवताना सटकतेय, कारण सरावाच्या रबरी हाताला घाम येत नाही. मग पुढच्या पेटीत चिकटपट्ट्या जास्त टाका, यादीत ती पायरी दोन भागांत तोडा आणि सरावाआधी मॉडेलचा हात ओला करायला सांगा.